गावच्या गायरानाची नोंद नीट आहे का? कुठे बघायची, कशी दुरुस्त करायची, अतिक्रमणाचं काय करायचं, वाचा सविस्तर

गावात गायरान कुठंय, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. पण त्याचा गट नंबर किती, क्षेत्र किती, सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि ‘गायरान’ हा शब्द त्यावर लिहिलाय का, हे विचारलं तर निम्मी ग्रामसभा एकमेकांच्या तोंडाकडे बघते. आणि वाद निघतो तेव्हा नेमके हेच चार प्रश्न विचारले जातात. ‘आमची गुरं आज्यापणज्यापासून तिथंच चरतात’ हे खरं असलं, तरी तहसील कार्यालयात आधी कागद मागतात.

सध्या गायरानाला मागणीही वाढलीय. कुठे घरकुलांसाठी जागा हवी असते, कुठे पाण्याच्या टाकीसाठी, कुठे सौर प्रकल्पासाठी. कुठे कुणी गुपचूप दोन तासं वाढवून घेतलेली असतात. म्हणून भांडण नसतानाच कागद बघून ठेवणं शहाणपणाचं. कसं, ते क्रमाने बघू.

आधी हे शब्द वेगळे करा

गावातली सगळी मोकळी जागा म्हणजे गायरान नव्हे. प्रत्येक जागेचा कायदा वेगळा, कार्यालयही वेगळं.

• गायरान किंवा गुरचरण: गावच्या गुरांना फुकट चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन.

• गावठाण: गावाची वस्ती असलेली जागा. त्यातला चावडीपुढचा चौक, पाराभोवतीची जागा, बाजारतळ, जत्रेचं पटांगण, खळवाडी या सगळ्या सार्वजनिक जागा.

• सरकारी पड: कुणाला न दिलेली, पण चराईसाठीही खास न राखलेली सरकारी जमीन. बऱ्याच गावांत हिलाही गायरानच म्हणतात. कागदावर मात्र फरक असतो.

• वनजमीन: वन विभागाच्या ताब्यातली किंवा वन म्हणून नोंद असलेली जमीन. इथे महसूलचे नियम पुरत नाहीत, वनकायदे लागतात.

• झुडपी जंगल: विदर्भातला खास प्रकार. नोंद महसूलकडे असली, तरी २२ मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमीन मानाव्यात असं सांगितलंय.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. महसूल संहितेत ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ यांची तरतूद विदर्भापुरती आहे. गुरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, वाट कुठली, पाणी कुणाचं, असे गावाचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात. तुमच्या गावचं निस्तार पत्रक मिळालं, तर तो मोठा पुरावा समजा.

गायरान नेमकं कुणाचं?

बरेच जण म्हणतात, ‘गायरान ग्रामपंचायतीचं.’ हे अर्धंच खरं आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी मोकळी जमीन ठरावीक कामांसाठी राखून ठेवू शकतात. चराई, गवत, स्मशानभूमी, गावठाण, खळवाडी, बाजार, रस्ते अशी ती कामं. एकदा जमीन अशी राखली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. मालकी शासनाची, उपयोग गावाचा, असं हे नातं आहे.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५१ नुसार शासन अशा जमिनी अटी घालून पंचायतीकडे सोपवू शकतं. म्हणून काही सातबाऱ्यांवर पंचायतीचं नाव दिसतं. पण नाव आलं म्हणून पंचायत ती जमीन विकू शकत नाही. सरपंचांनी किंवा सदस्यांनी ‘ही जागा तुला दिली’ म्हणून लिहून दिलेल्या चिठ्ठीला काहीच किंमत नाही.

२०१७ मध्ये कायद्यात कलम २२-अ आलं. त्यानुसार गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या, सरकारी उपक्रमाच्या सार्वजनिक कामासाठी ते देता येतं, पण दुसरी सोयीची सरकारी जमीन नसेल तरच. खासगी प्रकल्पाला द्यायचं झालं, तर त्या प्रकल्पवाल्याने बदल्यात जमीन द्यावी लागते आणि ती चराईसाठी राखावी लागते.

‘दुसरी सोयीची सरकारी जमीन नसेल तरच’ हे शब्द लक्षात ठेवा. गायरानावर एखादा प्रकल्प येतोय असं कळलं, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारायचा: गावात दुसरी सरकारी पड आहे का, आणि तिचा विचार झालाय का? प्रकल्पाला विरोधच करायचा असं नाही. पण उत्तर लेखी मागणं हा तुमचा हक्क आहे.

नोंद कुठे बघायची? सहा कागद

१) सातबारा. मोबाईलवर ‘महाभूलेख’ संकेतस्थळ उघडा. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. पण तो फक्त माहितीसाठी असतो. कार्यालयात द्यायचा असेल, तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन मिळतो. त्यात तीन गोष्टी बघा: भोगवटादार म्हणून शासनाचं नाव आहे का, ‘इतर अधिकार’ या रकान्यात गायरान, गुरचरण किंवा पंचायतीचा उल्लेख आहे का, आणि क्षेत्र किती आहे. गट नंबर माहीत नसेल, तर ‘महाभूनकाशा’वर गावचा नकाशा उघडून जागेवर बोट ठेवा, नंबर दिसतो.

२) फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक बदलामागे एक फेरफार नंबर असतो. क्षेत्र कमी झालं असेल किंवा नवं नाव चढलं असेल, तर तो फेरफार काढा. कुणाच्या आदेशाने, कुठल्या तारखेला बदल झाला, ते त्यात असतं.

३) गाव नमुना १-ब. ही सरकारी मोकळ्या जमिनींची नोंदवही. गावातले सगळे सरकारी गट एका जागी दिसतात. गावपातळीवर हा कागद सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी मागितला जाणारा.

४) गाव नमुना १-इ. ही अतिक्रमणांची नोंदवही. कुठल्या सरकारी गटात कुणाचं अतिक्रमण, ते यात नोंदवायचं असतं. अतिक्रमण डोळ्यांना दिसतंय पण १-इ मध्ये नाही, तर तक्रार तिथूनच सुरू करा.

५) ग्रामपंचायतीचे नमुना २३ आणि २४. पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची आणि जमिनींची नोंद यात असते. सातबारा एक सांगतो आणि नमुना २४ दुसरंच सांगतो, असं आढळलं तर ते लिहून घ्या.

६) मोजणीचा नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात गटाचा नकाशा आणि जुन्या मोजणीचे कागद मिळतात. कागदावर आठ हेक्टर आणि जागेवर पाच, ही तफावत मोजणीशिवाय सिद्ध होत नाही.

पहिले दोन मोबाईलवर बघता येतात. तीन आणि चार नंबरचे कागद तलाठ्याकडे असतात. २०२४ पासून तलाठ्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात आणि ग्रामसेवकांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’. अर्ज लिहिताना नवी नावं वापरा.

तोंडी मागून कागद मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘गायरानाची सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘गाव अमुक, गट नंबर अमुक, गाव नमुना १-ब आणि १-इ ची साक्षांकित प्रत’ असं नेमकं लिहा.

नोंद चुकलीय किंवा गळलीय, तर?

आधी चूक कसली आहे ते ओळखा.

लिहिण्यातली चूक: सातबारा संगणकावर घेताना ‘गुरचरण’ शब्द राहून गेला, क्षेत्राचा आकडा चुकला, गट नंबर उलटसुलट झाला. अशा चुका महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होतात. सोबत जुना हस्तलिखित सातबारा जोडा. जुने कागद बऱ्याच ठिकाणी स्कॅन झालेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते.

हक्कातली चूक: फेरफार करून गायरानावर कुणा माणसाचं नाव चढलंय. इथे कलम १५५ चा अर्ज चालत नाही. त्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत यांच्याकडे अपील करावं लागतं. मुदत साधारण ६० दिवसांची. उशीर झाला असेल, तर उशिराचं कारण देऊन तो माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडा.

नोंदच नाही: गुरं चरतात, पण जमीन कागदावर साधी सरकारी पड आहे. मग ती कलम २२ खाली चराईसाठी राखून ठेवा, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. हा अर्ज एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव करून गेला तर वजन पडतं.

ठराव करताना गणपूर्ती तपासा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि गावात साधारण किती जनावरं आहेत, ते लिहा. ‘गायरान वाचवावे असे ठरले’ एवढ्याच ठरावाचा उपयोग होत नाही.

अर्जाचा नमुना असा:

प्रति, मा. तहसीलदार, तालुका ______
विषय: मौजे ______ येथील गट नं. ______ च्या अधिकार अभिलेखातील नोंद दुरुस्त करणेबाबत.
महोदय, वरील गट क्षेत्र ___ हे. ___ आर हा गावचे गुरचरण आहे. सन ______ च्या हस्तलिखित सातबाऱ्यावर तशी नोंद आहे (नक्कल जोडली आहे). संगणकीकृत सातबाऱ्यावर ही नोंद दिसत नाही. तरी कलम १५५ नुसार चौकशी करून नोंद दुरुस्त करावी व केलेल्या कार्यवाहीची प्रत मिळावी, ही विनंती.
सोबत: १) जुना सातबारा २) चालू सातबारा ३) ग्रामसभा ठराव

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आवक नंबर आणि शिक्का असलेली प्रत जपून ठेवा, तिचा मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.

गावठाणात ड्रोन मोजणी होतेय? तेव्हाच लक्ष द्या

‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका आणि सनदा दिल्या जातात. देशपातळीवर ही योजना २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधीच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात अशा मोजणीचा प्रयोग झाला होता.

लोक आपापल्या घराच्या चुन्याच्या रेषेवर लक्ष ठेवतात. पाराची, चौकाची, पाणवठ्याच्या वाटेची रेषा बघायला कुणी नसतं. शेजारच्या घराच्या पत्रिकेत पटांगणाचा तुकडा गेला, तर नंतर तो काढणं अवघड होतं. म्हणून मोजणीच्या दिवशी पंचायतीने सार्वजनिक जागांची यादी घेऊन दोन-तीन जाणती माणसं हजर ठेवावीत. चौकशीची नोटीस लागली की हरकत लेखी द्यावी.

अतिक्रमण झालंय, तर कोण काढणार?

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागांवरचं अतिक्रमण, तसंच चराईच्या जमिनीत विनापरवाना घेतलेलं पीक काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. जमीन शासनाकडेच असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. पंचायत हातावर हात ठेवून बसली, तर जिल्हाधिकारी स्वतः कारवाई करू शकतात. शिवाय महसूल संहितेच्या कलम ५० खाली सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढता येतं.

पंचायत सदस्यांसाठी नियम आणखी कडक आहे. कलम १४(१)(ज-३) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही हा नियम लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं.

या विषयातला सगळ्यात मोठा निकाल २८ जानेवारी २०११ चा, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याची जागा भरून तिथे बांधकाम झालं होतं. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्यासाठी सगळ्या राज्यांनी योजना करावी, असा आदेश कोर्टाने दिला. बांधकामावर खूप पैसा खर्च झालाय किंवा अतिक्रमण जुनं आहे, एवढ्यावरून ते कायम करता येणार नाही, असंही बजावलं. त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राने गायरानाबाबत शासन निर्णय काढला.

पण त्याच निकालात एक अपवाद आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनी आणि जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आहे त्या जागा, अशा अपवादात्मक बाबतींत नियमानुकूल करण्याचा विचार होऊ शकतो.

महाराष्ट्रात याला इतिहास आहे. मराठवाड्यात आणि इतरत्र अनेक दलित, भटक्या, भूमिहीन कुटुंबांनी गायरान पड कसून पोट भरलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची काही अतिक्रमणं अटींवर नियमित करायचं ठरलं. कित्येक कुटुंबांचे अर्ज तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या टेबलावर पडून आहेत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्यात दोन लाखांहून जास्त अतिक्रमणांचा विषय पुढे आला. गावोगावी नोटिसा लागल्या आणि सगळ्यात आधी झोप उडाली ती पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांची.

म्हणून गावाने तक्रार करताना सरसकट सगळ्यांना एका मापात घालू नये. वीस एकर बागायत असून गायरानात बांध सरकवणारा आणि दुसरी गुंठाभर जमीन नसलेलं कुटुंब यांत फरक आहे. तो फरकही कागदावरच दाखवावा लागतो.

तुमचंच घर किंवा शेत गायरानात असेल, तर घाबरून गप्प बसू नका. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. १९९० पूर्वीच्या ताब्याचे पुरावे गोळा करा: दंडाच्या पावत्या, १-इ मधली नोंद, जुनी पीकपाहणी, मतदारयादी, घरपट्टी. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, पण ताबा कधीपासून आहे हे ती दाखवते.

जमीन वनात असेल, तर रस्ता वेगळा

वनजमिनीवरच्या चराईसाठी वनहक्क कायदा, २००६ आहे. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेमार्फत होतो. वनहक्क समिती तपासणी करते, मग दावा उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातो. वैयक्तिक दाव्याचा आणि सामूहिक दाव्याचा अर्ज वेगळा असतो, घाईत चुकीचा भरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क आधी मिळवणाऱ्या गावांत त्याचं नाव आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गायरान बाँडवर विकत घेता येतं का?
नाही. विकणाऱ्याकडे मालकीच नसते, मग नोटरी केलेल्या बाँडने तुम्हाला काय मिळणार? पैसे जातात आणि अतिक्रमणदार म्हणून तुमचं नाव लागतं.

नवा फेरफार होतोय हे आधी कळतं का?
हो. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते. ‘आपली चावडी’ या ऑनलाईन फलकावर गावचे चालू फेरफार दिसतात. महिन्यातून एकदा बघायची सवय ठेवा.

मोजणीचा खर्च कोण करणार?
जागा पंचायतीकडे असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून पंचायतीनेच मोजणीचा अर्ज करावा. एखाद्या शेतकऱ्याने स्वखर्चाने मोजणी आणली, तर वाद गावाचा न राहता दोन माणसांचा होतो.

तक्रार केली तर गावात वैर येईल का?
येऊ शकतं. म्हणूनच एकट्याच्या नावाने तक्रार करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव बरा. आणि सुरुवात कुणा एका माणसाच्या नावाने न करता, गावच्या सगळ्या सरकारी गटांची यादी वाचून करा.

पुढच्या ग्रामसभेआधी एवढं करा

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. येत्या सभेच्या पंधरा दिवस आधी गाव नमुना १-ब ची प्रत मागा. त्यातल्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. एका कागदावर गट नंबर, क्षेत्र आणि सध्याची परिस्थिती असे तीन रकाने करून यादी लिहा आणि सभेत मोठ्याने वाचायला लावा. ती यादी इतिवृत्तात चिकटवून घ्या. गावच्या जमिनीची उजळणी अशी दरवर्षी एकदा झाली, तर सरकलेला बांध वर्षाच्या आतच सगळ्यांना दिसेल.